संघाची वर्गणी कशासाठी द्यायची?

गेल्या पंधरवड्यात आमच्या भागातल्या एका गावी ग्रामपंचायतीच्या सभागृहात द्राक्ष बागायतदारांची बैठक होती. विषय होता छाटणीचे नियोजन. पण बोलणे फिरत फिरत संघाच्या वर्गणीवर आले. मागच्या बाकावरून एक वयस्कर अण्णा उठले आणि म्हणाले, "साहेब, एक विचारू का? पाऊस पडला की संघ निवेदन देतो, दर पडला की निवेदन देतो. आजवर निवेदनाने कधी वेलीला घड लागलाय का? मग आम्ही वर्गणी द्यायची कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना मोटारसायकलवर तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. अण्णांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपल्याकडे कोणत्याही पिकाचा संघ म्हटला की हार, तुरे, व्यासपीठ आणि मंत्र्यांच्या हातात कागद देतानाचा फोटो, एवढेच डोळ्यांपुढे येते. पण माझे स्पष्ट मत असे की संघाचे खरे काम निवेदनाचे नाहीच. पीक चालते ते वाण, खुंट, रोग, औषध आणि प्रयोगशाळा यांच्या ज्ञानावर. ते ज्ञान वेळेवर मिळवायचे, शेतकऱ्याच्या भाषेत गावापर्यंत आणायचे आणि ते पाळण्याची शिस्त आपल्याच सभासदांना लावायची, हे संघाचे काम. जिथे हे झाले तिथे पीक उभे राहिले. जिथे झाले नाही तिथे काय झाले, तेही आपण भोगले आहे. द्राक्षाच्याच उदाहरणाने सांगतो.

महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० साली स्थापन झाला. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर हे त्याचे चार विभाग. तो काळ आठवा. थॉमसन सीडलेस आपल्याकडे नुकती रुजत होती. वर्षात दोन छाटण्या का घ्यायच्या, जिबरेलिक आम्ल किती आणि केव्हा वापरायचे, केवडा म्हणजे डाऊनी आला तर काय फवारायचे, याची पुस्तके मराठीत नव्हती. ज्याला जे कळले ते त्याने दुसऱ्याला सांगायचे, एवढीच शाळा. संघाने त्या शाळेला शिस्त आणली. चर्चासत्रे घेतली, बाग पाहणी दौरे काढले आणि 'द्राक्षवृत्त' मासिकातून माहिती घरोघर पोचवली. आज आपला साधा बागायतदारसुद्धा पीपीएम, पीएच, सूक्ष्म घडनिर्मिती हे शब्द सहज बोलतो. ते आपोआप आलेले नाही. कृषी पदविका घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी मला या लोकांनीच शिकवले, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

वाणांचे बघा. तास-ए-गणेश हा वाण तासगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बागेत थॉमसनमधून निवडला गेला. सोनाका हा सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांच्या बागेतला. दोन्ही वाण प्रयोगशाळेतून आले नाहीत, शेतकऱ्याच्या बारीक नजरेतून आले. हजार वेलींत एका वेलीचे मणी लांबट आहेत हे दिसायला नजर लागते, आणि त्या वेलीच्या काड्या जपून वाढवायला धीर लागतो. पण एका माणसाच्या बागेतली वेल जिल्ह्याचे पीक व्हायची असेल तर ती पाहणारे, तपासणारे आणि एकमेकांना सांगणारे लोक एकत्र असावे लागतात. नाहीतर चांगली वेल एका बांधातच म्हातारी होते.

जानेवारी १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. देशात एवढी पिके असताना स्वतंत्र केंद्र मिळाले ते द्राक्षाला, आणि तेही आपल्या पट्ट्यात. संघटित बागायतदार नसते तर हे इतक्या सहज झाले असते असे मला वाटत नाही. केंद्र आल्यावर खुंट, पाणी, खते, रोग यांवर पद्धतशीर काम सुरू झाले. खारट पाणी आणि चुनखडीच्या जमिनीत डॉगरीज खुंटावरच्या बागा उभ्या राहिल्या. शास्त्रज्ञ संघाच्या चर्चासत्रात येतात, शेतकरी त्यांना तोंडावर प्रश्न विचारतात, कधी कधी चांगलीच खडाजंगी होते. व्हायलाच पाहिजे. शास्त्रज्ञाला शेतातली अडचण कळण्याचा तोच मार्ग.

आता निर्यातीकडे येऊ. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी सोसायट्या एकत्र आल्या आणि कृषी पणन मंडळाच्या मदतीने महाग्रेप्स उभी राहिली. प्रीकूलिंग, शीतगृह, प्रतवारी, पेटी कशी भरायची, हे सारे आपण तिथे चुका करत शिकलो. पुढे युरोपात माल जाऊ लागला आणि नवीन संकट आले. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर उर्वरित अंश तपासणीची पद्धत बसली. २००६ पासून अपेडाची ग्रेपनेट प्रणाली आली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि अहवाल पास असेल तरच माल परदेशी. कोणती औषधे चालतात आणि कोणते किती दिवस आधी बंद करायचे, त्याची यादी 'अ‍ॅनेक्श्चर फाइव्ह' म्हणून आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

इतके सगळे असताना २०१० साल आले.

हे साल मला विसरता येत नाही. मी नुकताच पदविका पूर्ण करून नोकरी शोधत होतो आणि मामाच्या बागेत राबत होतो. आधीच नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाच्या पावसाने बागा झोडपल्या होत्या, डाऊनीने घड गेले होते. मामाने कर्ज काढून, दिवसाआड फवारण्या करून निम्मी बाग वाचवली. अहवाल पास झाला. माल पेट्यांत भरून गेला. घरात सगळ्यांना वाटले, सुटलो. आणि मग बातमी आली की युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, सापडले. कंटेनर अडकले. मामाच्या मालाचा दर निर्यातदाराने निम्म्याहून खाली आणला, तोही सहा महिन्यांनी हातात पडला. त्या उन्हाळ्यात मामीच्या गळ्यातले दागिने सोसायटीच्या हप्त्यात गेले. मामाने पुन्हा कधी निर्यातीच्या बागेची नोंदणी केली नाही. आमच्यासारखी घरे तेव्हा गावोगाव होती.

आता नेमके काय घडले ते समजून घ्या. सीसीसी हे वाढ रोखणारे संजीवक. एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबावी आणि डोळ्यांत घड चांगले तयार व्हावेत म्हणून आपण ते वर्षानुवर्षे वापरत होतो. कोणी चोरून वापरत नव्हते, शिफारशीनेच वापरत होते. युरोपची मर्यादा होती एका किलोत ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! आणि आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. म्हणून आपला अहवाल पास आणि त्यांचा नापास. पुढे ते यादीत घातले गेले. पण बैल गेला आणि झोपा केला.

इथे माझा मुद्दा येतो. युरोपने सर्व सदस्य देशांसाठी एकसारख्या मर्यादा सप्टेंबर २००८ पासून लागू केल्या होत्या. म्हणजे कागद जवळजवळ दीड वर्ष आधी छापलेला होता. तो कागद घेऊन, आपण बागेत काय काय वापरतो त्याची यादी शेजारी ठेवून, एकेक ओळ ताडून बघणारा माणूस कुठे होता? सरकारी खात्याचे काम होते, हे मी मान्य करतो. मी त्याच खात्याचा आहे, जबाबदारी झटकत नाही. निर्यातदाराचेही होते. पण नुकसान झाले कुणाचे? बागायतदाराचे. ज्याचे जळते त्यानेच आधी जागे राहायचे असते. अण्णांच्या वर्गणीचा पहिला उपयोग हाच: पगार देऊन एक वाचणारा माणूस ठेवणे. ज्याला इंग्रजी कळते, रसायन कळते, आणि जो बाजारातले नियम, औषधांचे लेबल आणि आपली फवारणीची वही एकत्र वाचून हंगामाआधी सांगेल, "बाबांनो, हे बंद करा." मागच्या ठेचेपासून आपण पुष्कळ सुधारलो, पण हा जागता पहारा प्रत्येक हंगामात नवा बसवावा लागतो.

आज दोन गोष्टी दारात उभ्या आहेत, आणि दोन्हींत संघ जागा असला पाहिजे.

पहिली गोष्ट जैविकाची. ट्रायकोडर्मा, सुडोमोनास, समुद्री शेवाळ, अमिनो, ह्युमिक, काय काय नावे! कृषी सेवा केंद्राची अर्धी फळी आता या बाटल्यांनी भरली आहे. यात चांगला माल आहे, मी स्वतः शिफारस करतो. पण नियम तीन प्रकारचे आहेत हे किती जणांना माहीत आहे? जैविक खताला खत नियंत्रण आदेश लागू. जैविक कीडनाशकाला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. आणि जैव उत्तेजके फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आली. त्यांच्या तात्पुरत्या नोंदणीला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि ती १६ जून २०२५ रोजी संपली. त्यानंतर ज्यांची मानके अधिसूचित झाली आहेत तीच विकायला परवानगी. तरीही बाटलीवर मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के जैविक' असते आणि नोंदणी क्रमांक शोधायला भिंग घ्यावे लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका तरुण बागायतदाराचा नमुना नापास झाला. जे कीडनाशक त्याने कधी हातात धरले नव्हते त्याचे अंश मण्यांत निघाले. वही तपासली तर काढणीच्या तोंडावर फक्त एक 'जैविक' बाटली फवारली होती. बाटली संपलेली, बिल घेतलेले नाही, लॉट नंबर कुठे लिहिलेला नाही. आता तक्रार करायची कशावर? पोरगा माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मला त्याला द्यायला उत्तर नव्हते.

अशा वेळी एकटा शेतकरी काही करू शकत नाही. एका नमुन्याच्या तपासणीला जो खर्च येतो तो त्याच्या फवारणीच्या बजेटात बसत नाही. पण संघाने हंगामाआधी भागात जास्त खपणाऱ्या दहा-वीस बाटल्या बाजारातून बिलासह विकत घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्या तर? खर्च सभासदांत वाटला तर एकाच्या वाट्याला चहापाण्याइतका येईल. संशयास्पद निघाले तर अहवाल गुणनियंत्रण निरीक्षकाकडे द्यावा, म्हणजे कायदेशीर नमुना काढून पुढची कारवाई होते. जैविक निविष्ठा बनवणाऱ्या उद्योगांच्याही संघटना आहेत. त्यांनाही माझे हेच सांगणे. आपल्या सभासदांत कोण भेसळ करतो हे तुम्हाला आमच्या आधी कळते. चार भेसळवाल्यांमुळे चाळीस प्रामाणिक कारखाने बदनाम होतात. परवाने सोपे करा म्हणून दिल्लीला जाता, जरूर जा. पण भेसळवाल्याला संघटनेतून काढल्याची बातमीही कधीतरी वाचायला मिळू द्या.

दुसरी गोष्ट रोपांची. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वच्छ रोप कार्यक्रमाला मंजुरी दिली. रक्कम सुमारे १,७६६ कोटी रुपये. देशात नऊ केंद्रे व्हायची आहेत, त्यांत द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर. नऊपैकी तीन आपल्या राज्यात, ही लहान गोष्ट नाही. कल्पना सोपी आहे. मातृवृक्ष विषाणूमुक्त आहेत का ते तपासायचे, त्यांच्यापासून रोपे वाढवायची आणि तीच रोपवाटिकांना द्यायची. याची गरज काय, असे कोणी विचारील. तर विषाणू एकदा वेलीत शिरला की जगातल्या कुठल्याही फवारणीने निघत नाही. आणि आपण काय करतो? ऑगस्ट-सप्टेंबरात कलम करायची वेळ आली की पाहुण्याच्या बागेतून काड्या आणतो. बाग दिसायला हिरवीगार, पण आत काय आहे ते कुणाला ठाऊक? पाच-सात वर्षांनी वेल मागे पडली की जमिनीला दोष देतो. डाळिंबवाल्यांना विचारा. तेल्या रोग एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यात रोगट रोपांचा केवढा हात होता, ते त्यांनी बागा उपटून शिकले आहे.

पण केंद्र उभे राहिले म्हणजे स्वच्छ काडी आपल्या बांधावर आली असे नाही. मधे रोपवाटिका आहेत, दलाल आहेत आणि आपली सवय आहे. कोणत्या रोपवाटिकेला आधी रोपे मिळणार? लहान शेतकऱ्याला ती परवडणार का? दराची पावती मिळणार का? हे ठरत असताना टेबलापाशी बागायतदार बसलेला नसेल, तर पुढे निवेदने देत बसावे लागेल. नाशिककडे मोहाडीच्या सह्याद्री फार्मर प्रोड्युसर कंपनीने परदेशी पेटंट असलेले आरा जातीचे वाण परवाना घेऊन आणले. मोठी संस्था असली की हे जमते. दोन एकरवाल्याने काय करायचे? त्याच्यासाठी संघ हीच त्याची कंपनी.

आता संघाच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द. राग मानू नये. संघाच्या बैठकांत बोलणारे बहुधा वीस एकरवाले असतात. दीड-दोन एकरवाला मागे उभा असतो, आणि विरळणी, डिपिंगला दिवसभर राबणारी, औषधाचा वास सगळ्यात जास्त छातीत घेणारी बाई तर बैठकीला नसतेच. तिला कोणी विचारत नाही की कोणत्या फवारणीनंतर अंगाला खाज सुटते. निवडणुका आल्या की संघ पक्षांचे आखाडे होतात. हिशेब सभेत वाचले जातात, पण वर्गणीतला किती पैसा तपासणी, प्रात्यक्षिक आणि संशोधनावर गेला ते वेगळे सांगितले जात नाही. ते सांगा. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर त्याच आकड्यात आहे. आणि आपल्याच सभासदाने बंदी असलेले औषध वापरले तर त्याला पाठीशी घालू नका. एका नापास कंटेनरने साऱ्या जिल्ह्याचे नाव खराब होते.

ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे सचिव यांनाही विनंती. हे काम फक्त कृषी खात्याचे म्हणून सोडू नका. ग्रामसभेत वर्षातून एकदा, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, औषधांची चालू यादी मोठ्याने वाचा आणि फलकावर लावा. गावात किती बागा नोंदणीकृत आहेत, किती नमुने पास-नापास झाले, याचा आकडा गावाला कळू द्या. नावे नकोत, आकडा पुरे. सोसायटीने निविष्ठा विकताना बिलावर लॉट नंबर घालावाच.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या हातातले काम अगदी साधे आहे. बिल घ्या. बाटलीवर नोंदणी क्रमांक, लॉट नंबर आणि अंतिम मुदत आहे का पाहा. फवारणीची वही त्याच दिवशी लिहा, महिन्याने आठवून नको. रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत लेबलासह बाजूला ठेवा, मात्र मुलाबाळांपासून लांब. काडी आणताना ती कुठली, कुणाची, किती वर्षांच्या बागेतली, हे लिहून ठेवा. हे केले तर माझ्यासारख्या माणसाला तुमच्या बाजूने भांडायला हातात काहीतरी असते.

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी अण्णांना गाठले. म्हटले, "अण्णा, निवेदनाने घड लागत नाही हे तुमचे बरोबर. पण २०१० साली तो परदेशातला कागद वेळेवर वाचणारा एक माणूस आपल्या वर्गणीतून पगार घेत असता, तर माझ्या मामीचे दागिने वाचले असते." अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझे बी दोन कंटेनर होते रे त्यात." आणि जाता जाता मागे वळून म्हणाले, "वर्गणी देतो. पण त्या वाचणाऱ्या माणसाला आमच्या गावात एकदा घेऊन यायचे. तोंडावर विचारणार मी त्याला."

ही अट मला मान्य आहे. संघाच्या कारभाऱ्यांनीही ती मान्य करावी, एवढेच माझे म्हणणे.